तोंडी लावायची पत्रकारिता

साताऱ्यातल्या एका दैनिकाचे संपादक राजेशिर्केसाहेब बोलायला लागले की बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, असा रिवाजच होता. उल्का त्यांच्याकडे उमेदवारीला आली, तर अर्ज बघूनच ते कडाडले, "बी.ए.ला तत्त्वज्ञान, आणि पत्रकारिता नुसती तोंडी लावायला? निघा! वाटल्यास जाता जाता या खोलीतली एखादी बातमी लिहून दाखवा."

उल्काने उभ्या उभ्या लिहिलं, "एकही प्रश्न न विचारता संपादकांनी मुलीला वाटेला लावलं."

"हे एकतर्फी आहे!" साहेब लालबुंद झाले.

"म्हणूनच थांबलेय, सर. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय छापू नये, एवढं तोंडी लावण्यातही शिकवतात. बोला, तुमची बाजू काय?"

साहेबांनी तिचा अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. "उद्या दहाला या," एवढीच काय ती त्यांची बाजू निघाली.