कोतवाल शाडूच्या खड्ड्यात पडतो

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, फार जुन्या काळी एका राज्यात एक कोतवाल होता. मिशा काळ्याभोर, चाल रुबाबदार. राजवाड्यात कोणाला सोडायचं, हे तोच ठरवी.

त्यानं पहारेकऱ्यांना बजावलं होतं, "म्हातारी माणसं एकच गाऱ्हाणं दहादा सांगतात. लंगडी माणसं वेळ खातात. आणि खालच्या वाडीचे लोक दरबारात चिखल आणतात. असल्यांना बाहेरच थोपवा."

खालची वाडी म्हणजे ओढ्यापलीकडची कुंभारांची वस्ती. तिथली येसाआजी एकदा कुबडी टेकत दाराशी आली.

"ओढ्यावरचा आमचा लाकडी साकव मोडलाय. परवा माझी गरोदर सून पडता पडता वाचली. राजाला सांगायचंय."

कोतवाल हसला. "आजी, तू म्हातारी, त्यात लंगडी, त्यात खालच्या वाडीची. एखादं असतं तर चालवून घेतलं असतं. तुझ्यात तर तिन्ही!"

"दातही नाहीत रे बाबा," आजी म्हणाली, "तेवढं तुझ्या नजरेतून सुटलं." आणि आल्या पावली परत गेली.

चारच दिवसांनी राजाचा लाडका मोर उडाला तो थेट खालच्या वाडीत जाऊन बसला. कोतवाल त्याच्यामागे धावला. साकवावर पाय पडला मात्र, फळी कडाडली आणि स्वारी खाली! साकवाखालीच काठावर कुंभारांनी खड्ड्यात शाडूची माती कालवून ठेवली होती. कोतवाल तीत नाकापर्यंत बुडाला. वर आला तेव्हा मिशा पांढऱ्या, केस पांढरे, पागोटं ओढ्यात गेलेलं आणि घोटा सुजून टम्म.

येसाआजीनं आणि वाडीतल्या बायकांनी त्याला ओढून काढलं. मग आजीच्या एका कुबडीवर दोघं मिळून राजवाड्यापर्यंत लंगडत आले.

पहारेकरी आडवे आले. "कुठं निघालात, आजोबा?"

"आजोबा? अरे गाढवा, मी कोतवाल!"

"असं होय? मग मी राजाचा जावई."

"खरंच कोतवाल आहे रे हा," आजी म्हणाली.

"दोघंही खालच्या वाडीची दिसता. म्हातारी, लंगडी, वर चिखलानं माखलेली. साहेबांचा हुकूम आहे, आम्ही काय करणार?"

कोतवाल पायरीवर बसला. घोटा ठणकत होता. जाणारेयेणारे नाक मुरडून लांबून जात होते. जो दिसेल त्याला तो सांगू लागला, "अहो, मी कोतवाल!" कोणी थांबेना.

"कितव्यांदा सांगतोयस?" आजीनं विचारलं.

"दहाव्यांदा."

"बघ. म्हातारी माणसं दहादा का सांगतात? पहिल्या नऊ वेळा कोणी ऐकत नाही म्हणून."

कोतवालाची मान खाली गेली.

इतक्यात मोराची चौकशी करत राजाच बाहेर आला. कोतवालानं हाक मारली, तसा राजानं आवाज ओळखला. "अरे, तू? ही काय दशा?"

"माझं राहू द्या, महाराज. आधी या आजींचं ऐका. माझ्यामुळे चार दिवस वाया गेले."

राजानं ऐकलं. महिन्याभरात ओढ्यावर दगडी पूल झाला. त्याचे दगड कोतवालानं लंगडत लंगडत स्वतः वाहिले. पुढं वर्षभरात येसाआजीची सून नातवाला कडेवर घेऊन त्या पुलावरून येऊ-जाऊ लागली. मोर मात्र वाडीतच रमला, कोणाच्या बापाला ऐकेना.

तात्पर्य: माणसाचं वय, पाय आणि वस्ती पाहत बसणाऱ्याला त्याचं म्हणणं कधीच ऐकू येत नाही.