उस्तादांची डुलकी

"उस्ताद, तुम्ही डोळे कधी मिटणार?"

जीप घाटाच्या तोंडाशी आली तशी सुगंधानं पुन्हा विचारलं. शेजारी बसलेले बाबालाल उस्ताद समोर बघत राहिले...

घाटातली रीतच होती. चाळीस वर्षं ट्रक हाकलेला हा म्हातारा ज्याच्या गाडीत डुलकी घेईल, तो ड्रायव्हर पक्का. सुगंधाला शिकायला लागून दोन वर्षं झाली. म्हातारा अजून टक्क जागा.

आज मागच्या सीटवर नवरी होती. अकराचा मुहूर्त, मांडव घाटाखाली, आणि सकाळी आठला असं धुकं की बॉनेट दिसेना. मागं वऱ्हाडाच्या नऊ गाड्या. जीपमध्ये नवरीबरोबरच्या बायकांची गाणी टिपेला पोचलेली. सुगंधाचं काळीज नुसतं नाचत होतं. आज म्हाताऱ्याला झोपवतेच, तिनं ठरवलं.

पुढं एका टेम्पोचा लाल दिवा दिसला. तिनं तो धरला. धुक्यात सगळे तेच करतात. तो वळला की आपण वळायचं.

"पुढं कोण आहे?"

"कोण का असेना, उस्ताद. वाट दाखवतोय ना?"

उस्तादांनी गळ्यातला मफलर सारखा केला.

दिवा डावीकडं वळला. सुगंधा वळली. चाकाखाली दगड खडखडले. दिवा विझला. तिनं कच्चकन ब्रेक मारला, तर काचेला नाक लावून एक म्हैस उभी.

दूधवाल्याचा टेम्पो आपल्या घरी आला होता. मागोमाग नऊच्या नऊ गाड्या अंगणात शिरल्या. नवरीला आधी हसू फुटलं. मग सगळ्या बायकांना.

सुगंधाला मात्र हसू आलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याचा गोठा ठाऊक होता."

"मग सांगायचं नाही?"

"गोठा होता म्हणून गप्प बसलो."

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला दरी होती, ते तिला आठवलं.

नवरीचे मामा तणतणत आले. आम्ही तुझ्या दिव्यामागं आलो, बाई ड्रायव्हर घेऊ नका म्हणून मी पहिल्यापासून सांगत होतो, आता मुहूर्त चुकला तर जबाबदार कोण, असं बरंच काही बोलले.

"मामा, नवरी पोचेल तेव्हा मुहूर्त," सुगंधा म्हणाली. "घाई असेल तर चालत पुढं व्हा."

मग ती एकेका गाडीपाशी गेली. माझ्या दिव्याला चिकटायचं नाही, अंतर ठेवायचं, नजर रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, असं प्रत्येकाला बजावून आली. बायकांना म्हणाली, गाणी मांडवात, आता मला ऐकू दे. काचा खाली केल्या. दिव्यांचा झोत वर, अप्परला होता, तो खाली डिपरला घेतला.

गाडी रस्त्यावर आली. पुढं नुसतं पांढरं. ती डोंगराकडची पट्टी धरून मुंगीच्या चालीनं निघाली. वळणावर तिनं हॉर्न दिला. खालून हॉर्न आला. ती कडेला दबून थांबली. लाकडाचा ट्रक घासत निघून गेला. तिनं गाडी पुन्हा पट्टीला लावली.

"उस्ताद, पुढं कुणीच नाही."

उस्तादांनी मफलर डोळ्यांवर ओढला.

"मांडव आला की उठव."