गळती आणि छत्री

सूर्य, चंद्र आणि अग्नी हे ज्याचे तीन नेत्र, त्या कैलासनाथाच्या चरणी मस्तक ठेवून ही कथा सांगतो.

"...आणि सूर्याचा ताप कमी करणे हातात असताना तो न करणे, हेच पाप नव्हे काय, महाराज?"

भार्गवाने प्रश्न असा टाकला, जणू उत्तर त्याच्या खिशातच होते.

महादेवाच्या गाभाऱ्यापाशी चिद्घनस्वामी चंदन उगाळत बसले होते. हात थांबला नाही.

अक्षय्य तृतीया होती. रीतीप्रमाणे भार्गवाने गुरूंना छत्री दान दिली होती. आता आशीर्वाद हवा होता. उंच आकाशात बारीक भुकटी पसरायची, थोडे ऊन वरच्या वर परतवायचे आणि पृथ्वी निववायची, ही त्याची विद्या. उद्या त्याने होकार दिला की विमाने उडणार होती.

"गेल्या वैशाखात माझे वडील खाणीवर उन्हाने गेले. तिथे ना झाड, ना पाण्याचा रांजण..."

स्वामींचा हात थांबला.

"नाही म्हणू नका, महाराज. पिंडीवर तुम्हीही गळती बांधलीच आहे. देवाला निववलेले चालते, माणसाला नाही?"

टांगलेल्या तांब्याच्या घागरीतून पिंडीवर थेंब थेंब पाणी गळत होते. स्वामी हसले.

"वकील व्हायचास तू! बांधतो खरी. मृग लागला की सोडतो. तुझी कधी सोडायची?"

भार्गव अडखळला. "खाली कारखान्यांचा धूर निघतो आहे तोवर... सोडता येणार नाही. मध्येच थांबलो, तर अडवलेला ताप एकदम अंगावर येईल."

स्वामी उठले.

"अंगणात चल. छत्री धर."

तापल्या फरशीवर दोघेही अनवाणी उभे राहिले. भार्गवाने छत्री धरली.

"अरे ए शहाण्या!" कोपऱ्यात कुरडया वाळत घालणाऱ्या गोदामावशी कडाडल्या. "उचल ती सावली! माझ्या कुरडया ओल्या आहेत अजून."

भार्गव सरकला. ऊन स्वामींच्या मस्तकावर आले. तो परत सरकला, तशी सावली कुरडयांवर.

"गारवा महाराजांना, अन् बुरशी माझ्या डब्यात!"

स्वामी स्वस्थ होते. भार्गवाचे तळवे भाजत होते. हात भरून आला, तसा त्याने दांडा दुसऱ्या हातात घेतला.

"महाराज, मिटू का?"

"माझे डोके आता सावलीला सरावले."

"मग... किती वेळ धरू?"

स्वामींनी डोळे मिटले.

"तू सांग. छत्री तू आणलीस."

श्रोतेहो, तुम्हा प्रत्येकाच्या अंगणात हवे तेवढे ऊन पडो, हवी तेवढी सावली लाभो, आणि कुणाच्याही घरचा माठ कोरडा न पडो.