बंद दाराची गोधडी

“मग आपा, हे दार उघडं करू की नको?”

कुमुद वाघुळदेने गोधडी मोबाइलसमोर धरली होती. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतून वर्गातल्या बाकीच्या बायका बघत होत्या.

जुलेखा आपा मालेगावात आपल्या खोलीत बसून ऑनलाइन शिकवत. कापडाचे तुकडे जोडायचे, पण पांघरायला नाही. भिंतीवर लावायचं चित्र करायचं. कुमुद भुसावळहून शिकत होती. तिचा हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरीचं काम बघताना तिची मान जरा ताठच असायची.

गोधडीत घर होतं. तिच्या माहेरचं. जुन्या धोतराच्या पांढऱ्या भिंती, विटकरी खणाचं छप्पर, आणि मधोमध काळं, जाड कापडाचं दार.

बंद.

“उघडं कर असं कोण म्हणतं?” आपांनी विचारलं.

“माझा भाऊ. भास्करदादा.”

भास्कर गावातल्या सभागृहाचा अध्यक्ष. तिथेच बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. त्याच्या मुलीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा ते लग्न कुमुदने आपल्या अंगणात लावून दिलं होतं. त्या दिवसापासून मुलीला आणि आत्याला, दोघींनाही ते घर बंद झालं.

“प्रदर्शनासाठी फोटो पाठवला होता. दादा म्हणतो, दार उघडं दाखव. नाहीतर तुझ्या गोधडीला भिंत मिळणार नाही.”

“थोडं किलकिलं करा ना,” एक जण म्हणाली.

“वर तोरण लावा,” दुसरी म्हणाली. “मग कुणाला काही वाटणार नाही.”

आपा पडद्याकडे झुकल्या.

“टाके उसव,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दार उसव. उघडं कर. कात्री घे.”

कुमुदने कात्री घेतली. टोक दोऱ्याखाली घातलं.

तिने कात्री खाली ठेवली.

“नाही.”

“मी सांगतेय.”

“ऐकलं मी. नाही करणार.”

“इथे शिकवतं कोण?”

“तुम्ही. धावदोरा तुम्ही शिकवला. अस्तर कसं लावायचं, कोपरा कसा मुडपायचा, सगळं तुमचं. पण दार माझ्या तोंडावर बंद झालंय, आपा. तुमच्या नाही.”

“मग या वर्गात तुझं काम नाही.”

“नसू दे.”

आपा अजून काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली… पडद्यावर एक ओळ उमटली. तिला वर्गातून काढलं होतं.

रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. राग आला, आणि तो कानापर्यंत चढला. ती तशीच बसली आणि सुईत काळा दोरा ओवून दाराच्या कडेने टाक्यांची आणखी एक ओळ घातली. मग त्यावर आणखी एक.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात तिच्या नावाची भिंत नव्हती. दारातल्या कार्यकर्तीने नजर चुकवली. कुमुदने तिला काहीच विचारलं नाही.

समोरच्या रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब होता आणि त्याच्यापलीकडे विजेचा खांब. दोन्हींच्या मध्ये तिने नायलॉनची दोरी बांधली. चिमटे लावून गोधडी टांगली, अशी की सभागृहात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसावी.

लोक थांबले. कुजबुजले. एक म्हातारी बराच वेळ उभी राहिली. जाताना सोबतच्या सुनेला म्हणाली, “आमच्याकडंबी असंच झालतं.”

भास्कर बाहेर आला.

“काढ ते. तमाशा मांडलायस.”

“हा रस्ता सभागृहाचा नाही, दादा.”

“लोक विचारतायत, कुणाचं घर म्हणून.”

“मग सांग ना.”

त्याने दोरीकडे हात नेला. तो हात तिथेच, हवेत राहिला. सभागृहाच्या पायऱ्यांवर बायका येऊन उभ्या होत्या. एकही आत जात नव्हती.

“तुला लाज नाही,” तो म्हणाला.

“होती. तुझ्या मुलीच्या लग्नात तुझी खुर्ची रिकामी होती ना, तेव्हा होती.”

त्याने हात खाली घेतला. बायकांच्या मधून वाट काढत तो आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

दुपारी एसटीतून उतरून एक बाई चालत आली. डोक्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी. पडद्यावर दिसायच्या त्याहून आपा बऱ्याच लहानखुऱ्या होत्या. कुमुदने त्यांना आवाजावरून ओळखलं.

“पाणी आहे का?”

कुमुदने बाटली पुढे केली. पाया मात्र पडली नाही.

आपा पाणी प्यायल्या. मग गोधडीजवळ गेल्या. दाराच्या कापडाखाली नख घालून त्यांनी ते ओढून बघितलं. जोर लावला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून ओढलं.

एकही टाका हलला नाही.

“इथे कशाला आलात?” कुमुद म्हणाली. “मला काढलंत ना?”

“काढलं.”

“ऐकलं नाही म्हणून.”

“हो.”

“मग आधीच सांगते. आजही ऐकणार नाही.”

आपा कडुनिंबाखालच्या दगडावर बसल्या. ओढणीने कपाळ पुसलं.

“सोमवारपासून नवा वर्ग सुरू होतोय.”

“मी परत शिकायला येणार नाही.”

“शिकायला कोण बोलावतंय?”



“म्हणजे… शिकवायला? मी?”

आपांनी पिशवी मांडीवर घेतली.

“मी तुमच्या तोंडावर नाही म्हटलं, आपा. सगळ्यांसमोर.”

“वीस जणी आल्यात,” आपा म्हणाल्या. “सगळ्या फार ऐकतात. तू ये.”