टिटवीचा निरोप

माणसं पत्रं लिहू लागली त्याच्याही आधी रानातलं टपाल वड आणि पिंपळ सांभाळत. नाव अनोळखी असलं की निरोपाच्या पानावर चिकाचा ठिपका देऊन ते दुसऱ्याकडे धाडायचं, असा दोघांचा नेम होता.

एकदा टिटवीच्या नावे वडाकडे निरोप आला, "नदी चढतेय, पिल्लांना टेकडीवर ने."

"माझ्या फांदीवर टिटवी नाही. पिंपळदादांकडे ने," वड टपाल नेणाऱ्या पारव्याला म्हणाला.

"इथंही नाही. वडदादांकडे ने," पिंपळ म्हणाला.

पारवा दमला. फांदीवरच्या एका खारीने पानावरचे ठिपके मोजले. "अहो, सात फेऱ्या झाल्या! ज्याने धाडलं त्यालाच परत काय धाडता? टिटवी झाडावर बसते का कधी?"

पारवा खाली उतरला. दोन झाडांमधल्या वाळूत पाणी पिल्लांच्या पायांशी आलं होतं.

पिल्लांना टेकडीकडे हाकत टिटवी म्हणाली, "माझ्याच डोक्यावरून फिरत होतास होय रे?"