तिसरा दवबिंदू

डोंगराच्या कुशीत, लाल कौलांच्या चर्चमागे एक इवलंसं घर होतं. तिथे सुवार्ता आणि तिचे बाबा, दोघंच राहत. बाबा चर्चच्या बागेचे माळी. पण वीस दिवस झाले, त्यांचा ताप उतरत नव्हता. अन्नाला ते तोंड लावत नव्हते. बागेचं सगळं काम सुवार्तावरच पडलं होतं.

त्या दुपारी विहीर आटली होती. सुवार्ताच्या तांब्यात तिच्यापुरतं घोटभर पाणी उरलं होतं. जवळच लिलीचं एक चिमुकलं रोप मान टाकून उभं होतं. तिनं तांब्या त्याच्याच मुळाशी रिकामा केला.

तशी कळी हलकेच उमलली. आत करंगळीएवढी परी बसली होती. पंख मोरपिशी, झगा चांदण्याचा, आणि कपाळावर दवाचे तीन थेंब लुकलुकत होते.

"देवानं पाठवलंय मला," परी हळूच म्हणाली. "एक इच्छा माग. पण काय हवं तेवढंच सांगायचं हं. कसं, ते त्याच्यावर सोडायचं."

सुवार्ता गुडघे टेकून बसली. चर्चमध्ये दर रविवारी भरणाऱ्या शब्बाथशाळेत प्रार्थनेचं पहिलं बक्षीस तिचंच होतं. चर्चच्या पाळकसाहेबांसारखा आवाज काढून तिनं सर्वसमर्थ, सर्वज्ञ पित्याला हाक मारली. मग शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाठव, सोमवारीच पाठव, नदीकडचा रस्ता खराब आहे तेव्हा त्यांना चिंचेपाशी वळायला सांग, असं सगळं नीट समजावलं.

एक थेंब विझला.

"अगं, सर्वज्ञ म्हणालीस आणि वर रस्ताही दाखवलास?" परी खुदकन हसली.

सुवार्ता लाजली. तिनं पुन्हा डोळे मिटले. डॉक्टर राहू देत, म्हणाली; औषधाचं नाव तेवढं माझ्या कानात सांग, पुढचं मी बघते.

दुसराही थेंब विझला. या वेळी परी हसली नाही.

आता एकच थेंब उरला होता. हाही विझला तर बाबांचं काय? तिनं शेवटच्या थेंबाकडे पाहिलं, आणि ती पाहतच राहिली. एवढ्याशा थेंबात अख्खं आभाळ होतं. तारा न् तारा आपापल्या जागी होता. तिनं कधीच न पाहिलेला निळा समुद्र होता. मुंगीचे केसाएवढे पायसुद्धा कुणीतरी मन लावून घडवले होते. आणि एका कडेला, मोहरीएवढी, ठिगळाच्या फ्रॉकमधली ती स्वतः होती. तिलाही कुणी विसरलं नव्हतं.

तिचे मोठमोठे शब्द कुठल्या कुठे गेले. मातीला कपाळ टेकवून ती पुटपुटली, "देवा, मला काही कळत नाही. तुला कळतं. माझे बाबा बरे होऊ देत."

थेंब ओघळला. पान न् पान सोनेरी झालं. परीनंही मान लववली आणि तिचे पंख त्या उजेडात साखरेसारखे विरघळून गेले.

उजेड ओसरला तेव्हा घराच्या दारात, चौकट धरून, बाबा उभे होते.

"सुवार्ता," ते म्हणाले, "काही खायला आहे का गं? फार भूक लागलीय."