तांबटाच्या सतरा ढोल्या

पक्षी एकमेकांना घरं करून देत, त्या काळची ही हकिकत. रानात ढोल्या कोरणारा एक तांबट होता. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कुणीही आलं की तो लगेच नव्या फांदीवर काम सुरू करी. सतरा ढोल्या अर्धवट होत्या, पाणी प्यायलाही सवड नव्हती, आणि त्याचाच त्याला अभिमान होता.

एका सकाळी साळुंकी आली. "तांबटदादा, अंडी घालायची वेळ आली. माझ्या ढोलीचं काय?"

"अगं, मान वर करायला फुरसत नाही, बघतेस ना?"

"बघतेय. पण महिनाभर खपतोयस, तुझ्या ढोल्यांत राहतंय कोण?"

तांबटाने एकेक फांदी आठवून पाहिली. कुणीच राहत नव्हतं.

तेवढ्यात पोपट नवी ढोली मागायला आला. गिऱ्हाईक हातचं जाणार हे दिसत असूनही तांबट म्हणाला, "पोपटराव, आधी हिची पुरी करतो. घाई असेल तर दुसरीकडे बघा."

पोपट तणतणत उडून गेला. भल्याभल्यांना जमत नाही ते त्या चिमुकल्या पाखराने केलं. तो त्या एकाच फांदीला चिकटून राहिला.

तिसऱ्या दिवशी साळुंकीने ढोलीतून डोकं बाहेर काढलं. "दादा, आता इथे ठोकाठोकी नको. आत अंडी आहेत."